फुकटाचे विमान आणि गल्ल्यातले दोन टक्के

सध्या मोबाइल उघडला की एक प्रवचन हमखास ऐकायला मिळते. मागे निळा समुद्र, पायाखाली पांढरी वाळू, हातात शहाळे, आणि बोलणारा छातीठोकपणे सांगतो की या विमानाच्या तिकिटाला त्याने एक रुपयाही दिलेला नाही. अमुक कार्ड घ्या, तमुक बँकेचे पॉइंट्स साठवा, ते विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदलून घ्या आणि मालदीव, बाली, मॉरिशस, अंदमान, श्रीलंका फुकटात फिरून या. आपल्या समाजातली पहिली पगारदार पिढी हे सगळे आवडीने पाहते आहे. नोकरीला लागून चार-पाच वर्षे झालेली मुले-मुली आम्हाला विचारतात, दादा, हे खरे असते का? ताई, आपण करावे का?

आमचे उत्तर असे : हे खरे आहे, पण फुकट मुळीच नाही. तिकीट मिळते यात शंका नाही. मात्र त्याचे पैसे कोणीतरी भरलेले असतात, आणि तो 'कोणीतरी' बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. हे समजून घेतल्याशिवाय या खेळात उतरू नये, आणि समजल्यावर त्याला हात लावायचाच नाही असाही हट्ट धरू नये, अशी आमची भूमिका आहे.

आधी आमचा या विषयाशी संबंध काय ते सांगतो. आम्ही कल्याणच्या एका अभ्यासवर्गातले नऊ जण. कोणी आयटीत, कोणी बँकेत, एक जण सरकारी दवाखान्यात नर्स, एक कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक, एक ताई आंबेडकरी पुस्तकांचा स्टॉल लावतात. रविवारी एखादे पुस्तक घेऊन बसतो, वाचतो, भांडतो. आमच्यापैकी चौघांकडे क्रेडिट कार्डे आहेत. या चौघांनी तीन वर्षे पॉइंट्स साठवून आमच्या सहा वडीलधाऱ्यांना श्रीलंकेला नेण्याचा बेत आखला. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध भ्रातृसंघाच्या स्थापना परिषदेला बाबासाहेब ज्या बेटावर गेले होते, संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला वृक्ष ज्या बेटावर अनुराधपुरात आजही पूजला जातो, ते बेट आपल्या आयांनी एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा होती. त्या सहापैकी कोणीही त्याआधी विमानात बसलेले नव्हते.

बेत ठरला त्या रविवारी वर्गात सगळे खुशीत होते. फक्त स्टॉलवाल्या ताई गप्प बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचं विमान माझ्या गल्ल्यातून उडणार आहे का, तेवढं मला सांगा." सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुढचे तीन रविवार आम्ही त्याच प्रश्नावर बसलो.

मुळात हे माइल्स आले कुठून? अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरचे सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला. तोवर भाडे आणि मार्ग सरकार ठरवत असे. आता कंपन्यांना एकमेकींशी झुंजायची वेळ आली. आपले गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'ॲडव्हांटेज' नावाची योजना काढली. जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, आणि पुरेसे जमले की एक तिकीट बक्षीस. इतर कंपन्याही लगोलग त्याच वाटेने गेल्या. तेव्हा माइल म्हणजे खरोखरच मैल होता.

ते १९८७ मध्ये बदलले. सिटी बँकेने त्या कंपनीच्या नावाचे क्रेडिट कार्ड काढले आणि विमानात न बसता, नुसती खरेदी करून माइल्स मिळू लागले. इथून मैलाचा आणि माइलचा संबंध तुटला. विमान कंपनी माइल्स तयार करून बँकेला घाऊक विकते, बँक ते कार्डवाल्या गिऱ्हाइकांना वाटते. हा धंदा इतका वाढला की २०२४ साली डेल्टा या एकाच कंपनीला अमेरिकन एक्सप्रेसकडून सुमारे ७.४ अब्ज डॉलर मिळाले. २०२० मध्ये कोरोनाने विमाने जमिनीवर आणली, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. लक्षात घ्या, उडत नसलेल्या विमानांपेक्षा गिऱ्हाइकांच्या खात्यावरचे आकडे सावकारांना जास्त भरवशाचे वाटले.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. बँक हे माइल्स विकत घेते, तर तिच्याकडे पैसा कुठून येतो?

पहिला रस्ता दुकानदाराच्या गल्ल्यातून जातो. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर ताईंच्या स्टॉलवर कोणी हजार रुपयांची पुस्तके घेतली आणि क्रेडिट कार्ड पुढे केले, तर साधारण दोन टक्के, म्हणजे वीस रुपये, कार्डाच्या व्यवस्थेला जातात. त्या वीस रुपयांवर १८ टक्के जीएसटी. एकूण तेवीस रुपये साठ पैसे. हजाराच्या पुस्तकांवर ताईंना सुटतात दीडशे रुपये. म्हणजे त्यांच्या कमाईचा जवळजवळ सहावा हिस्सा एका यंत्राच्या पोटात गेला. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो, आणि त्यातूनच कार्डवाल्याला पॉइंट्स दिले जातात. हेच गिऱ्हाईक रोख किंवा बँक खात्याला जोडलेल्या यूपीआयने देते, तेव्हा ताईंना पूर्ण हजार मिळतात, कारण यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावरचे हे शुल्क सरकारने १ जानेवारी २०२० पासून शून्य केले आहे.

दुकानदार हा खर्च अंगावर किती दिवस घेणार? तो किंमत वाढवतो. आणि वाढलेली किंमत फक्त कार्डवाल्याला लागत नाही, रोख देणाऱ्यालाही लागते. कार्डवाल्याला त्यातले थोडे पॉइंट्सच्या रूपाने परत मिळते, रोखवाल्याला काहीच मिळत नाही. हा आमचा कल्पनाविलास नव्हे. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेचा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारे कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांसाठी भरत होते, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळत होते. पुढे दुसऱ्या संशोधकांनी कार्डाच्या बक्षिसांचाच अभ्यास केला, तेव्हा दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे, गरीब वस्त्यांतून श्रीमंत वस्त्यांत, आणि अल्पसंख्याकांची वस्ती जास्त असलेल्या भागांतून कमी असलेल्या भागांत सरकतात, असे दिसले. अमेरिकेत तो अल्पसंख्याक काळा किंवा लॅटिनो असतो. आपल्याकडे कोण असेल, हे या लेखाच्या वाचकाला सांगायला नको.

दुसरा रस्ता थकबाकीदाराच्या घरातून जातो. भारतात क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. 'महिन्याला' हा शब्द नीट वाचा. वर्षाचे ते सरळ हिशेबाने ४२ टक्के होतात. पन्नास हजारांची थकबाकी असेल तर एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर जीएसटी ३१५, म्हणजे २,०६५ रुपये. त्याच पन्नास हजारांच्या खरेदीवर मिळालेल्या पॉइंट्सची किंमत पाचशे ते हजार रुपये. बिलावर ठळक अक्षरांत छापलेली 'किमान रक्कम' भरली की सुटलो, असे ज्याला वाटते, तोच या व्यवस्थेचा खरा अन्नदाता. गावच्या सावकाराच्या वहीतून आपले आजोबा-पणजोबा बाहेर पडले. नातवाने प्लास्टिकच्या तुकड्यावर त्याच वहीत पुन्हा नाव लिहून घ्यावे, यासारखे दुर्दैव नाही.

म्हणजे निळ्या समुद्राचा फोटो टाकणाऱ्याचे तिकीट तिघे मिळून भरतात : छोटा दुकानदार, रोख देणारा गिऱ्हाईक आणि व्याज भरणारा कर्जदार. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे होते, आणि ते आम्ही त्यांना तसेच सांगितले.

इथे बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२३ साली त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो, धम्मक्रांतीचे प्रणेते म्हणून ओळखतो, पण चलनशास्त्रज्ञ म्हणून फार कमी वाचतो. त्या ग्रंथातला कळीचा मुद्दा असा की चलन किती काढायचे हे चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडले तर चलनाची किंमत घसरते, आणि त्याचा मार ज्याचे उत्पन्न ठरावीक आहे अशा माणसाला बसतो. म्हणून चलन काढण्यावर मर्यादा हवी, मर्जी नको. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, साक्ष देतानाही त्यांनी हीच बाजू मांडली.

आता हाच चष्मा लावून माइल्सकडे पाहा. माइल हे खासगी कंपनीने पाडलेले नाणे आहे. ते किती पाडायचे यावर बंधन नाही. एका तिकिटाला किती माइल्स हे तीच कंपनी ठरवते. त्यावर व्याज मिळत नाही, उलट अनेक योजनांत ठरावीक काळाने ते बाद होते. पूर्वी कंपन्या निदान दराचा तक्ता छापत असत, अमुक अंतराला इतके माइल्स. डेल्टाने २०१५ साली तो तक्ताच काढून टाकला, पुढे युनायटेडनेही तेच केले. आता त्या दिवशी संगणक सांगेल तो भाव.

आणि नाणे आपल्या खात्यात असले तरी ते आपले असते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 'नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग' हा खटला झाला. एका प्रवाशाचे वरच्या दर्जाचे सभासदत्व कंपनीने रद्द केले. तो फार तक्रारी करतो, असे कारण दिले. कंपनीने सचोटीने वागायला हवे होते, एवढेच त्याचे म्हणणे. २०१४ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला की १९७८ च्या त्या कायद्यापुढे ही तक्रार टिकत नाही. अटी आणि शर्तींच्या बारीक अक्षरांत 'कंपनीच्या मर्जीनुसार' हे दोन शब्द कशासाठी छापलेले असतात, ते यावरून कळावे.

याचा अनुभव आम्हालाही आला. आमच्या चौघांकडे मिळून सहा जणांच्या जाण्या-येण्यापुरते पॉइंट्स जमले होते. बँकेचे दोन पॉइंट्स दिले की विमान कंपनीचा एक माइल, असा दर होता. जागा दिसल्याशिवाय पॉइंट्स बदलायचे नाहीत हा आमचा नियम, कारण एकदा बदललेले पॉइंट्स परत येत नाहीत. आम्हाला हव्या त्या आठवड्याची तिकिटे खुली होण्याची वाट पाहत होतो. तेवढ्यात एका सकाळी बँकेने दर बदलल्याचे दिसले : आता तीन पॉइंट्सला एक माइल. आधी सूचना नाही, पत्र नाही. रात्री सहा तिकिटे होती, सकाळी चार उरली. फोन केला तर पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, अटी आणि शर्तींमध्ये नमूद आहे." ती बिचारी खोटे बोलत नव्हती.

सहा वडीलधारे आणि चार जागा. कोणाच्या आईला सांगायचे की तू थांब? चौघांच्या कार्डांवरची चार तिकिटे, म्हणजे त्या चौघांच्याच आयांना न्यावे, असा एक व्यवहारी विचार वर्गात पुढे आला. तो थांबवला आमच्यातल्या सर्वांत वयस्क मावशींनी. त्या म्हणाल्या, "आम्ही काय कोणाच्या कार्डाच्या आया आहोत का रे? चार तिकिटं आली, दोन कमी पडली. जयंतीला कमी पडतात तेव्हा काय करतो? वर्गणी काढतो." विषय संपला. नऊ जणांनी वर्गणी काढली, ताईंनीही दिली, आणि राहिलेली दोन तिकिटे रोख घेतली. सोबत जाणाऱ्या दोघांनी आपापल्या पैशांनी तिकिटे काढली. या सगळ्यात एक गोष्ट स्पष्ट दिसली. पॉइंट रातोरात एकतृतीयांश किंमत गमावून बसला, वर्गणीचा रुपया मात्र रातोरात सदुसष्ट पैसे झाला नाही. बाबासाहेबांचे शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आम्हाला त्या आठवड्यात जितके समजले, तितके तीन रविवार वाचूनही समजले नव्हते.

आता जे तरुण विचारतात, त्यांच्यासाठी तिकीट प्रत्यक्षात कसे निघते तेही सांगतो. ज्ञान लपवून ठेवणे हा आपला धर्म नाही.

विमान कंपन्यांच्या आघाड्या असतात. श्रीलंकन एअरलाइन्स २०१४ पासून 'वनवर्ल्ड' या आघाडीत आहे. त्यामुळे तिच्या विमानातली जागा आघाडीतल्या दुसऱ्या कंपनीच्या माइल्सनीही घेता येते. मुंबई ते कोलंबो हे जेमतेम अडीच तासांचे उड्डाण, आणि काही योजनांत माइल्स अंतरावर ठरतात, म्हणून जवळच्या बेटाला ते कमी लागतात. दूरच्या बेटाच्या मोहात पडून तीन वर्षांची साठवण एका तिकिटात घालवण्यापेक्षा हे शहाणपणाचे. मात्र प्रत्येक विमानात माइल्ससाठी मोजक्याच जागा ठेवतात, आणि त्या साधारण अकरा महिने आधीपासून दिसू लागतात. वैशाख पौर्णिमेच्या आठवड्यात आम्हाला एकही जागा मिळाली नाही, कारण वेसाक हा तिथला सर्वांत मोठा सण. आम्हाला मिळाला फेब्रुवारीतला एक मंगळवार.

हिशेब असा करायचा. समजा जाण्या-येण्याचे रोख तिकीट २४,००० रुपयांचे आहे. माइल्सने काढले तरी कर आणि शुल्क म्हणून ८,००० रुपये भरावेच लागतात. 'एक रुपयाही दिला नाही' ही थाप आहे ती इथे उघडी पडते. उरले १६,०००. त्यासाठी २०,००० माइल्स लागत असतील तर एका माइलची किंमत ८० पैसे. त्या माइलसाठी बँकेचे तीन पॉइंट्स गेले असतील तर पॉइंटची किंमत २७ पैसेसुद्धा नाही. तोच पॉइंट बँक बिलात ३० पैशांना वळता करून देत असेल, तर विमानाचा नाद सोडावा, बिल कमी करून घ्यावे आणि तिकीट रोख काढावे. हा भागाकार ज्याला करता येतो, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

आणखी एक अडचण व्हिडिओवाले कधी सांगत नाहीत, कारण ती त्यांना येत नाही. बहुतेक योजनांत आपल्या खात्यातून दुसऱ्याचे तिकीट काढता येते, काहींत आधी नावे नोंदवावी लागतात. पण नाव पासपोर्टप्रमाणे हवे, आणि पासपोर्टच आमच्या आयांचा नव्हता. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, माहेरचे तिसरे. सहापैकी चौघांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांचीच ती लिहिली. अकरा महिने आधी जागा धरायची, तर त्याच्याही आधी चार-सहा महिने कागद सरळ करायला हवेत. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पासपोर्ट आहे त्यांच्यासाठी बेट पॉइंट्सच्या अंतरावर असते, आपल्यासाठी त्याआधी तहसील कचेरी लागते.

बेटाबद्दलही दोन शब्द. जाहिरातीतले बेट म्हणजे माणूस नसलेली वाळू. आमच्या आयांनी पाहिलेले बेट माणसांचे होते. अनुराधपुरात त्या पांढऱ्या साड्या नेसून वृक्षासमोर बसल्या आणि पाली गाथा म्हणू लागल्या, तेव्हा शेजारच्या सिंहली बायकांनी त्यांचा सूर धरला. भाषा वेगळी, गाथा तीच. पण कँडीच्या पुढे डोंगरात चहाचे मळे लागले, आणि पाठीवर पोती घेऊन पाने खुडणाऱ्या बायका पाहून त्याच मावशी गाडीतून म्हणाल्या, "ह्या आपल्याच." त्या कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. इंग्रजांनी तमिळ मुलखातून मजूर म्हणून नेलेल्यांच्या या लेकी-नाती. त्यांच्या पूर्वजांत दलित मोठ्या संख्येने होते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यातल्या लाखोंना कोणत्याच देशाचे नागरिक ठेवले नाही, आणि तो प्रश्न सुटायला पुढे अनेक दशके गेली. स्वस्त चहामागे कोणाचे तरी स्वस्त श्रम असतात. तेच फुकटच्या तिकिटाचे.

चळवळीतल्या काही मित्रांचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. ते म्हणतात, ही सगळी मध्यमवर्गीय चैन आहे. वस्तीत पाणी नाही आणि तुम्ही बेटांच्या गोष्टी करता. आमचे उत्तर सरळ आहे. जे सुख सगळ्या जगाला मिळते ते आपल्या आयांनी मात्र मागू नये, हा संयमाचा उपदेश आपल्याला हजारो वर्षे झाला आहे. तो आता आपल्याच तोंडून नको. पाण्यासाठी लढणे आणि आईला विमानात बसवणे यांत भांडण नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. काही यशस्वी मित्र म्हणतात, व्यवस्था अशीच आहे, आपण फायदा घ्यावा आणि गप्प बसावे. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या करून माणसाला वरच्या पायरीकडे मान वर करून पाहायला लावायचे आणि खालच्या पायरीवरून सुटल्याचे समाधान द्यायचे, ही या योजनांची युक्ती आहे. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द इथे वापरण्याचा मोह होतो, पण आम्ही तो वापरणार नाही. कार्डाची पायरी पैशाने चढता येते आणि खर्च थांबला की सुटते. जातीची पायरी जन्माने मिळते आणि मेल्यावर स्मशानातही सोडत नाही. दोन्हींना एकाच मापाने मोजले तर जातीचे दुःख हलके होईल. पण पायऱ्यांची चटक लागलेला माणूस खालच्या पायरीवरच्यासाठी उभा राहत नाही, एवढे मात्र दोन्हीकडे खरे.

म्हणून आमच्या वर्गाने स्वतःपुरते काही नियम केले. महिन्याचे बिल ज्याला पूर्ण भरता येत नाही, त्याने पॉइंट्सचे नावही काढायचे नाही, कार्ड कपाटात ठेवायचे. पॉइंट्ससाठी एक रुपयाही जास्त खर्च करायचा नाही. कार्ड चालवायचे ते मोठ्या कंपन्यांकडे, विम्याला, विमानाला, मोठ्या दुकानाला. आपल्या वस्तीतल्या किराणावाल्याला, टपरीला, पुस्तकांच्या स्टॉलला रोख किंवा यूपीआय. पॉइंट्स साठवून ठेवायचे नाहीत, कारण ते बचत नव्हे, झिजत जाणारे नाणे आहे. आणि निम्मे तरी पॉइंट्स अशा माणसाच्या तिकिटावर खर्च करायचे, ज्याला कोणतीही बँक कार्ड देणार नाही. त्यात आई येते, परीक्षेला दिल्लीला जाणारा वस्तीतला मुलगाही येतो. समाजाचे ऋण फेडणे म्हणतात ते व्यासपीठावरून सांगायला सोपे असते. खात्यातून वजा करून दाखवले की त्याला अर्थ येतो.

पण वैयक्तिक नियमांनी व्यवस्था बदलत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मागण्याही हव्यात. पॉइंट्सचा दर बदलण्याआधी पुरेशी मुदत देणे बँकांना आणि विमान कंपन्यांना बंधनकारक असावे. जुना पॉइंट जुन्या दराने वापरायची सोय असावी. बिलावर 'किमान रक्कम' ज्या आकाराच्या अक्षरांत छापतात, त्याच आकारात वर्षाचे व्याज छापावे. आणि क्रेडिट कार्डामागे छोट्या दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काला कमाल मर्यादा असावी. हे अशक्य आहे असे कोणी म्हणाले तर त्याला युरोप दाखवा. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने दुकानदाराच्या बँकेकडून कार्डाच्या बँकेला जाणाऱ्या शुल्काला मर्यादा घातली : क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के, डेबिट कार्डाला ०.२ टक्के. त्यानंतर तिथल्या कार्डांची बक्षिसे आटली. बक्षिसे कोणाच्या गल्ल्यातून येत होती, याचा यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

मित्रहो, शिका हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे, आणि त्यात पैशाचे शिक्षणही आले. ज्या समाजाला शतकानुशतके संपत्ती ठेवण्याचाच अधिकार नाकारला गेला, त्याच्या पहिल्या पगारदार पिढीला पैशाची भाषा नीट वाचता आलीच पाहिजे. यापुढे कोणी 'फुकट' म्हणाले की तीन प्रश्न विचारा. हे नाणे कोण पाडतो? त्याची किंमत कोण ठरवतो? आणि त्याचे पैसे शेवटी कोण भरतो? तिन्ही उत्तरे मिळाली की मग खुशाल विमानात बसा, आणि शेजारच्या जागेवर आईला बसवा. खिडकीची जागा तिची.

जय भीम!